शेवटी जेवणारा माणूस

केंद्रात तोंडावर तिला ताई म्हणत आणि पाठीमागे रक्तवाली. नाव कुणी वाईट हेतूनं ठेवलेलं नव्हतं. गेली सोळा वर्षं ती सीलांचं रक्तच काढत होती. किनाऱ्यावर जखमी सील सापडला की लोक त्याला या केंद्रात आणून सोडत. डॉक्टर टाके घालत, रखवालदार कुंपण धूत असे, आणि रक्तवाली दर सोमवारी आणि गुरुवारी नळीभर रक्त काढून सांगत असे, की हा जीव उपास करतोय की उपासमारीनं मरतोय. ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटतं. तिची सगळी नोकरी त्या दोहोंमधल्या फरकावर उभी होती.

फरक असा. सीलची आई पिल्लाला जेमतेम अठरा दिवस पाजते. तेवढे दिवस ती स्वतः एक घास खात नाही. अंगावरच्या चरबीचं दूध करते, आणि ते दूध इतकं दाट की निम्मं लोणीच म्हणा. पिल्लू तिप्पट होतं, आई खंगते, आणि एक दिवस ही बाई मागे वळूनही न बघता समुद्रात निघून जाते. पिल्लाला मासा म्हणजे काय हे ठाऊक नसतं, पोहणं धड जमत नसतं. मग ते करतं काय? काहीच करत नाही. तीन-चार आठवडे वाळूवर पडून राहतं. झोपेत मिनिटंच्या मिनिटं श्वास रोखून धरतं, हृदय सावकाश चालवतं, चरबी पुरवून पुरवून जाळतं आणि तहानेचं पाणीसुद्धा त्या चरबीतूनच काढतं. अंगातल्या मांसाला शक्यतो हात लावत नाही. पुढे चरबी उतरत आली की खरी भूक लागते, आणि ती भूकच त्याला पाण्यात ढकलते. पण एखाद्याची शिदोरी आधीच संपते. मग ते स्वतःचं मांस जाळायला लागतं, आणि रक्तातला युरिया चढतो. युरिया खाली असेल तर उपास. वर गेला की उपासमार.

"युरिया म्हणजे खतातला तोच का?" रखवालदारानं पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"तोच."

"मग एवढं रक्त काढायचं कशाला? मागे एखादं रोप लावून बघायचं."

हे सगळं ती कुणालाही झोपेत सांगू शकली असती. सध्या झोपच नव्हती, एवढीच अडचण होती. वडील, म्हणजे अण्णा, रात्रीतून चार वेळा उठत आणि दाराची कडी काढून म्हणत, "कामावर जायला उशीर होतोय." अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला कामावर कोण बोलावणार? अडतीस वर्षं ते एका वसतिगृहाच्या खानावळीत आचारी होते. दोनशे पोरांचा स्वयंपाक रोज दोन वेळा. आई गेल्यापासून त्यांची आठवण उसवत चालली होती. कालचं आठवत नसे, चाळीस वर्षांपूर्वीचं मात्र हाताशी असे. एकदा गॅस चालू ठेवून ते फिरायला निघून गेले, तेव्हापासून त्यांना घरी एकटं ठेवायची सोय उरली नाही. मोठा भाऊ दूरच्या शहरात. तो रोज संध्याकाळी फोनवर काळजी करायचा. काळजी करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

म्हणून ती अण्णांना रोज आपल्याबरोबर केंद्रात आणायची. बाहेरच्या माणसाला आत येऊ द्यायचं नाही असा नियम होता. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी अण्णांकडे पाहिलं, तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "मला इथे कुणी दिसत नाहीये. पण जे दिसत नाहीत त्यांनी जनावरांजवळ जायचं नाही, एवढं बघा."

आवारात ऊन येतं तिथे एक बाक होता. अण्णा सकाळी त्यावर बसत आणि संध्याकाळी उठत. शेजारी त्यांचा डबा: उकडलेला मासा, काटे काढून, कारण त्यांचे दात गेले होते, आणि चार उकडलेले बटाटे. ती पहाटे उठून मासा सोलायची. खानावळीच्या आचाऱ्याला जेवण कमी पडू नये म्हणून डबा मोठा घेतला होता. संध्याकाळी डबा चाटूनपुसून रिकामा यायचा. त्या दिवसांत तिच्या जिवाला बरं वाटावं अशी एवढी एकच गोष्ट घडत होती.

"अण्णा जेवतात ना नीट?" भाऊ फोनवर विचारायचा.

"दुपारी चांगले जेवतात. डबा धुवायचीसुद्धा गरज नसते बघ. रात्री मात्र ताट सरकवतात. म्हणतात, दुपारचं जड झालंय."

"मग ठीक आहे," भाऊ म्हणायचा, आणि त्याचा कामाचा दिवस संपायचा.

तिची स्वतःची दुपार यंत्रापाशी जायची. काढलेलं रक्त तासाभराच्या आत फिरवून त्याचं पाणी वेगळं करावं लागतं, आणि यंत्र जुनं असल्यामुळे त्याला सोडून जाता येत नसे. नाहीतर ते मध्येच थांबायचं. सोमवारी-गुरुवारी रक्त, बाकीच्या दिवशी लघवीच्या बाटल्या आणि नोंदी. एका हातानं झाकण दाबून धरायचं आणि दुसऱ्या हातानं बिस्किटं खायची. त्याला जेवण म्हणायचं असेल तर म्हणा.

तीन नंबरच्या कुंपणात तेव्हा एक पिल्लू होतं. आई सोडून गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते दोरखंडात अडकलेलं सापडलं. पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला खोल जखम. आठवड्याभरात जखम भरली. पहिल्या दोन्ही तपासण्यांत युरिया अगदी खाली, वजन रोज अर्धा किलो उतरतंय, सगळं कसं शिस्तीत. तीन नंबरला समुद्राच्या बाजूचं फाटक सताड उघडंच असतं. तिथल्या पाटीवर एकच सूचना: आत अन्न नेऊ नये. पिल्लाला भूक लागेल तेव्हा ते उठून आपल्या पायांनी, म्हणजे वल्ह्यांनी, जाईल. आपण फक्त वाट बघायची. ज्यांना वाट बघता येत नाही त्यांनी या नोकरीत येऊ नये, असं डॉक्टर म्हणत.

मग दुसऱ्या आठवड्यात युरिया चढला. सोमवारी थोडा, गुरुवारी आणखी, पुढच्या सोमवारी तर दुप्पट. तिनं नळी पुन्हा तपासली, तेच.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. मांस जळायला लागलं की वजन भराभर उतरतं. इथे ते उतरायचंच मंदावलं होतं. आठ दिवसांत चार किलो जायला हवं होतं, तिथे दीड किलो गेलं होतं.

"वजनकाटा बिघडला असणार," ती म्हणाली.

"परवाच तर तेल घातलं मी," रखवालदार म्हणाला. "आणि ताई, आणखी एक. ते पोटात काही नाही म्हणता, मग रोज घाण एवढी कशी करतंय? उपाशी जिवाला पाणी मारून मारून माझे खांदे गेले."

"जुलाब लागले असतील. अशक्तपणानं लागतात."

वजनकाटा तपासायची रीत ठरलेली होती. कोठीत दहा-दहा किलो मिठाची पाच पोती ठेवलेली असत. ती आवारातून वाहून आणायची, काट्यावर ठेवायची, बरोबर पन्नास दिसले की काटा खरा. सोळा वर्षांत तिनं ही रीत एकदाही चुकवली नव्हती. त्या सोमवारी तिची कंबर मोडून आली होती आणि रात्री अण्णा पाच वेळा उठले होते. तिनं वहीत लिहिलं, ‘वजनकाटा संशयास्पद’, आणि अहवालावर सही केली: ‘मांस जळू लागले आहे. नळीने भरवणे आवश्यक.’

त्या सहीचा अर्थ तिला पुरता ठाऊक होता. नळीनं भरवायची सोय केंद्रात नव्हती. ती होती आठ तासांवरच्या मोठ्या मत्स्यालयात. तिथे गेलेलं जनावर जगतं, गुटगुटीत होतं, पण परत येत नाही. ते जन्मभर काचेच्या मागे गोल गोल पोहतं आणि लोक त्याला हात हलवून दाखवतात. डॉक्टरांनी अहवाल दोनदा वाचला.

"ताई, तुमची खात्री आहे?"

"रक्त खोटं बोलत नाही, डॉक्टर."

"ठीक आहे. शुक्रवारी ट्रक बोलावते."

गुरुवारी ती शेवटचं रक्त काढायला गेली तेव्हा पिल्लू समुद्राकडे पाठ करून आवाराच्या बाजूच्या जाळीला नाक लावून पडलं होतं. "हल्ली याची जागा हीच," रखवालदार म्हणाला. "समुद्राकडे बघतसुद्धा नाही. याच्यात जीवच उरलेला नाही." तिला फार वाईट वाटलं. एवढं वाईट वाटायला तिच्यापाशी ताकद नव्हती, तरी वाटलं.

रक्त यंत्रात घालून ती झाकण दाबून उभी होती, तेवढ्यात रखवालदार दारात आला. अंगभर घाम, खांद्यावर मिठाचा पांढरा पट्टा.

"ताई, काटा बरोबर आहे."

"काय?"

"पाचही पोती ठेवली. पन्नास म्हणजे पन्नास. माझ्या तेलावर तुम्ही संशय घेतलात ते मला लागलं होतं, म्हणून म्हटलं, एकदा बघूनच टाकू."

काटा बरोबर असेल तर वजन खरं. वजन खरं असेल तर पिल्लाचं मांस जळत नाहीये. मग युरिया येतो कुठून? युरिया आणखी एकाच रस्त्यानं चढतो, आणि तो रस्ता शाळेतल्या पोरालाही सांगता येईल: खाल्लेल्या मांसाचा. रोजची घाण. आवाराच्या बाजूला लावलेलं नाक. तिनं यंत्राचं झाकण सोडलं. यंत्र थांबलं, त्याला थांबू दिलं आणि ती बाहेर आली.

एक वाजला होता. बाक रिकामा होता. अण्णा तीन नंबरच्या जाळीशी गुडघे टेकून बसले होते, एक हात जाळीच्या भोकातून आत, आणि दोन बोटांनी माशाचा मऊ घास पिल्लाच्या ओठांच्या कडेनं आत सारत होते. पिल्लाचे डोळे मिटलेले होते. मागे चार पांढरे पक्षी उकडलेल्या बटाट्यांवरून भांडत होते.

"हं, गिळ. घाई नाही. शाबास," अण्णा म्हणत होते.

"अण्णा, काय करताय?"

त्यांनी मान वळवली. चोरी पकडली गेल्याची खूणही चेहऱ्यावर नव्हती. कामात मध्येच कुणी आलं की येते तशी नाराजी होती. "थांब जरा. हे एकच पोरगं राहिलंय. बाकीची केव्हाच जेवून गेली. याला कुणी विचारलंच नाही बघ, इथे एकटंच बसलं होतं."

"आणि तुमचं जेवण?"

"मी कसा जेवेन?" अण्णा खरोखरच चकित झाले. "आचारी शेवटी जेवतो. लहानपणापासून सांगतोय तुला."

"मग तुमच्यासाठी काय उरलंय?"

अण्णांनी डबा तिच्यापुढे धरला. चाटूनपुसून रिकामा. "काही उरत नाही हल्ली," ते जरा ओशाळून म्हणाले. "पोरगं खाणारं आहे. उद्यापासून थोडं जास्त टाक."

ती त्यांच्या शेजारी वाळूत बसली. मग तिनं त्यांच्या स्वेटरची बाही वर सारली. मनगट तिच्या दोन बोटांत मावलं आणि वर जागा उरली. हे मनगट ती रोज धरून रस्ता ओलांडायची, स्वेटरवरून.

"चला अण्णा," ती म्हणाली. "जरा वजन करू."

"कशाला? मी काय सील आहे?"

रखवालदारानं त्यांना हात देऊन काट्यावर उभं केलं. दीड महिन्यापूर्वी दवाखान्यात अडुसष्ट भरलं होतं, ते तिला पाठ होतं. रखवालदारानं आकडा वाचला, तिच्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं, "एकसष्ट." वजनकाटा बिघडलाय म्हणायची आता सोय नव्हती, मिठाची पोती अजून तिथेच पडली होती.

तिला आधी राग आला, स्वतःचाच, आणि मग शरम. तीन नंबरच्या पिल्लाचं वजन किती ग्रॅमनं चुकतंय यावर तिनं आठ दिवस डोकं आपटलं होतं. घरातल्या माणसाचे सात किलो तिच्या डोळ्यांदेखत निघून गेले आणि ती भावाला सांगत होती, डबा धुवायचीसुद्धा गरज नसते. जो उपाशी मरतोय म्हणून तिनं सही केली तो रोज पोटभर जेवत होता. जो जेवतोय म्हणून ती निर्धास्त होती, तो चहा आणि सकाळच्या पावावर दिवस काढत होता.

डॉक्टरांच्या खोलीत जाताना तिला पुढचं सगळं दिसत होतं. खरं सांगितलं तर अण्णांचं इथे येणं बंद. अण्णा घरी, म्हणजे ती घरी, म्हणजे सोळा वर्षांची नोकरी गेली. नाही सांगितलं तर उद्या सकाळी ट्रक येईल, पिल्लू काचेच्या मागे जाईल आणि कुणालाही कधी कळणार नाही. दारापाशी ती थांबली. थांबून काय करणार? जन्मभर ती याच फरकाचं खात आली होती. तिनं आत जाऊन सगळं सांगितलं, मिठाची पोती न उचलल्याचंसुद्धा.

डॉक्टरांनी मत्स्यालयाला फोन लावला आणि म्हणाल्या, "ट्रक पाठवू नका. आमची तपासणीत चूक झाली." ‘आमची’ म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला. "त्याला आता उपास नव्यानं धरावा लागेल. दहा-बारा दिवस. आता ते समुद्रात जाईल की जाळीशीच बसून राहील, मला सांगता येत नाही."

"मला माहीत आहे."

"आणि तुमचे वडील."

तिनं मान खाली घातली.

"उद्यापासून इथे, माझ्या खोलीत बसतील. खिडकी मागच्या रस्त्यावर उघडते, तिथून जनावर दिसत नाही. मला ते अजूनही दिसलेले नाहीत. पण एकदम भरवू नका हं त्यांना. थोडं थोडं. उद्या सकाळी दवाखान्यात न्या, आणि परत आलात की पोती तुम्हीच उचलायची." तिला रडू आलं ते या शेवटच्या वाक्यानं.

पिल्लाचं सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. पहिले चार दिवस ते दुपारी एकच्या ठोक्याला जाळीशी येऊन असं रडायचं की रखवालदार कानात कापूस घालून फिरला. पाचव्या दिवशी थकलं आणि झोपलं. श्वास रोखून, पुन्हा पहिल्यासारखं. युरिया उतरला, वजन रोज अर्धा किलो जायला लागलं, आणि तेराव्या दिवशी सकाळी कुंपण रिकामं होतं. वाळूत पोट घासत गेल्याचा पट्टा फाटकातून थेट पाण्यापर्यंत. वहीत तिनं लिहिलं, ‘गेलं’.

पण ते नंतरचं. त्या गुरुवारी रखवालदारानं समोरच्या दुकानातून दोन वाट्या पातळ सूप आणून बाकावर ठेवलं आणि अण्णांसमोर चमचा धरला. अण्णांनी तो घेतला नाही.

"पोरगं जेवलं?" त्यांनी तिला विचारलं.

"जेवलं, अण्णा. तुम्हीच तर भरवलंत."

"बाकीचे?"

"सगळे जेवले. आता कुणी राहिलं नाही."

त्यांनी चमचा घेतला, सुपात बुडवला आणि तसाच ठेवून तिच्याकडे पाहिलं. "तू?"

"माझं झालंय. मघाशीच."

अडतीस वर्षं त्यांनी पोरांची तोंडं पाहिली होती. कोण जेवून आलंय आणि कोण नुसतंच म्हणतंय हे ओळखायला ते अजून विसरले नव्हते. त्यांनी दुसरी वाटी तिच्याकडे सरकवली. "बस," ते म्हणाले.

"मला यंत्राकडे जायचंय, अण्णा."

"बस म्हणतो ना."

ती बसली. दिवसाउजेडी खाली बसून आपण शेवटचं कधी जेवलो हे तिला आठवेना. पहिल्या चमच्याला जीभ पोळली. दुसरा चमचा घेताना डोळ्यांतलं पाणी वाटीत पडलं, ते तिनं तसंच खाल्लं. अण्णा हात मांडीवर ठेवून बघत होते. घाई नव्हती त्यांना. तिचं संपल्यावर त्यांनी तिची वाटी हातात घेतली, तिरकी करून तळ पाहिला आणि बाजूला ठेवली.

मग त्यांनी चमचा बाहीला पुसला आणि आपली वाटी जवळ ओढली.